ओव्हनमधला पोर्क चॉप कडक का होतो?

मटण शिजलं नसेल तर आपण काय करतो? अजून दोन शिट्ट्या काढतो. हा उपाय हाताला इतका सरावलेला आहे की मांस चावलं जात नाही म्हणजे ते कच्चं राहिलं, असंच आपण धरून चालतो. पोर्क चॉपच्या, म्हणजे डुकराच्या पाठीच्या आडव्या कापलेल्या तुकड्याच्या, बाबतीत नेमकी हीच समजूत आड येते. चॉप कडक लागला तर तो कच्चा नसतो. बहुतेक वेळा तो हवा त्यापेक्षा जास्त शिजलेला असतो, आणि परत दहा मिनिटं ओव्हनमध्ये सारला तर आणखी कडक होऊन बाहेर येतो.

माझं लहानपण वसईत गेलं. नाताळच्या आदल्या दिवसापासून घरात पोर्क इंद्यालचा वास भरलेला असायचा. जाड बुडाच्या टोपात चरबीवाले तुकडे, व्हिनेगर, वाटलेला मसाला, आणि मंद आचेवर तासन्‌तास रटरट. दुसऱ्या दिवशी ते जास्त चांगलं लागायचं, तिसऱ्या दिवशी त्याहून. त्यामुळे पोर्क म्हटलं की आंबट घालायचं आणि भरपूर शिजवायचं, एवढंच मला ठाऊक होतं. लग्नानंतर घरात ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन आला आणि मी पहिल्यांदा कोल्ड स्टोरेजमधून, म्हणजे गोठवलेल्या मांसाच्या दुकानातून, चॉप आणले, तेव्हा तेच केलं. रात्रभर व्हिनेगर आणि आलं-लसूण लावून ठेवले, सकाळी १८० अंशांवर पाऊण तास भाजले. बाहेर काढले तर प्रत्येक चॉप वाटीसारखा वर वळलेला. सुरी लावली की दोरे सुटल्यासारखे धागे वेगळे होत होते आणि घास तोंडात फिरत राहायचा, गिळवत नव्हता. जनावर जून असणार, असं म्हणून मी दुकान बदललं. मांसात काहीच खोट नव्हती, हे कळायला बरीच वर्षं गेली.

चॉप हा डुकराच्या पाठीचा तुकडा. कण्याच्या दोन्ही बाजूंना मानेपासून कमरेपर्यंत एक लांबलचक स्नायू जातो, तो आडवा कापला की चॉप मिळतात. चालणं, उकरणं, वजन पेलणं ही कामं खांदे आणि पाय करतात. पाठीच्या त्या स्नायूवर फारसा ताण येत नाही. ज्या स्नायूला कष्ट कमी, त्यात चिवट पडदे कमी. म्हणून चॉपचं मांस मुळातच कोवळं असतं. त्याला मऊ करावं लागत नाही.

खांद्याच्या मांसाचं उलटं आहे. त्यात धाग्यांच्या जुड्यांभोवती कोलॅजन नावाच्या प्रथिनाची चिवट वेष्टणं असतात. ती वेष्टणं ओलसर उष्णतेत बराच वेळ राहिली की विरघळतात आणि त्यांचं जिलेटिन होतं. पायाचं सूप पिताना ओठांना ओठ चिकटतात ना, ते हेच जिलेटिन. इंद्याल, विंदालू, सोरपोतेल किंवा आपलं साधं मटण तासभर शिजल्यावर मऊ होतं ते या विरघळण्यामुळे. धागे तोवर कोरडे पडलेलेच असतात, पण जिलेटिन आणि वितळलेली चरबी त्यांच्याभोवती असल्यामुळे जिभेला ते जाणवत नाही.

चॉपमध्ये विरघळायला कोलॅजन जवळपास नाही आणि चरबी सगळी कडेला. मधल्या मांसात आहे ते मुख्यतः पाणी, कच्च्या मांसाच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश. जास्त वेळ शिजवून त्यातून मिळवण्यासारखं काही नसतं, फक्त पाणी निघून जातं.

म्हणून चॉप हाताळताना मटण आठवू नका, मासा आठवा. सुरमईची तुकडी तव्यावर किती वेळ ठेवायची हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. दोन मिनिटं जास्त झाली की ती कोरडी, भुसभुशीत होते, आणि मग झाकण ठेवून शिजवली म्हणून परत मऊ होत नाही. अंड्याचंही तसंच, उकळत ठेवलं की पांढरं रबरासारखं होतं. चॉप या दोघांच्या जातीचा आहे.

आत नेमकं काय घडतं? उष्णता आत शिरते तशी मांसातली प्रथिनं एकेक करून आकसतात आणि घट्ट होतात, प्रत्येक आपापल्या तापमानाला. साधारण ५० अंश सेल्सिअसच्या आसपास मायोसिन नावाचं प्रथिन गोठायला लागतं. कच्च्या मांसाचा लिबलिबीतपणा जातो आणि त्याला धर येतो. हा बदल आपल्याला हवाच असतो. ६० च्या पुढे धाग्यांभोवतीची वेष्टणं आखडायला लागतात आणि ओला पंचा पिळावा तसं आतलं पाणी पिळून काढतात. ६६ ते ७३ च्या दरम्यान अ‍ॅक्टिन हे दुसरं प्रथिन आकसतं, आणि इथून पुढे मांस कोरडं, करकरीत होत जातं. म्हणजे चॉपच्या मध्यभागी ६० ते ६५ अंश ही आपली जागा. माझ्या पहिल्या चॉपचं तापमान मी मोजलं नव्हतं, पण पाऊण तासात ते ८० च्या पुढे गेलं असणार.

हा फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर एकदा एकाच तुकड्याचे दोन चॉप घ्या. एक ६२ ला बाहेर काढा, दुसरा ७५ पर्यंत जाऊ द्या, आणि दोन्ही शेजारी ठेवून कापा. मी हे केलं होतं. पहिल्याच्या कापलेल्या बाजूवर ओलसर चकाकी होती, रंग मोतिया आणि मध्ये हलकी गुलाबी झाक, बोटानं दाबलं की पाण्याचे बारीक थेंब वर यायचे. दुसरा खडूसारखा पांढरट, त्याचे धागे सुट्टे दिसत होते, आणि पाणी सगळं खालच्या ताटलीत जमलेलं. मांस तेच, मीठ तेच, फरक तेरा अंशांचा.

गुलाबी म्हटलं की लगेच भीती येते, आणि ती अगदीच निराधार नाही. डुकराच्या मांसाबद्दल दोन कृमींची धास्ती असते. पहिली ट्रायकिनेला. स्नायूत दडून बसणारी ही अळी ५८ अंशांच्या आसपास मरते. तरीही अमेरिकेच्या कृषी खात्यानं कितीतरी वर्षं डुकराचं मांस ७१ अंशांपर्यंत शिजवायला सांगितलं होतं. मे २०११ मध्ये त्यांनी अखंड तुकड्यांसाठी ही मर्यादा ६३ अंशांवर आणली, आणि बाहेर काढल्यावर किमान तीन मिनिटं तसंच राहू द्यायचं अशी जोड दिली. खिम्यासाठी मात्र ७१ च कायम आहे, कारण खिमा करताना बाहेरच्या पृष्ठभागावरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. याच कारणासाठी चॉपला काट्यानं टोचून भोकं पाडू नका.

दुसरा कृमी आपल्याकडे जास्त महत्त्वाचा आहे, तो म्हणजे डुकरातला पट्टकृमी (टेपवर्म). ‘डुक्कर खाल्लं की मेंदूत किडे होतात’ हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्यातला दुवा थोडा वेगळा आहे. या कृमीच्या अळ्यांच्या गाठी असलेलं कच्चं किंवा अर्धंकच्चं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी वाढतो. मेंदूत गाठी होतात त्या या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ती अंडी माणसाच्या विष्ठेतून पसरतात. न धुतलेली कोथिंबीर, दूषित पाणी, कृमी असलेल्या माणसाचे अस्वच्छ हात, हे त्यांचे रस्ते. म्हणूनच आयुष्यात कधी मांस न खाल्लेल्या माणसालाही हा आजार होऊ शकतो. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण चुकीच्या समजुतीमुळे लोक पोर्कला घाबरतात आणि भाजी धुवायला कंटाळतात.

तरी मांस कुठून आलं हे बघायलाच हवं. उकिरड्यावर मोकाट फिरणाऱ्या जनावराचं मांस आणि बंदिस्त फार्ममध्ये खाद्य खाऊन वाढलेल्याचं मांस यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मांसात तांदळाच्या किंवा साबुदाण्याच्या दाण्याएवढे पांढरट, पाणीदार फोड दिसले तर ते शिजवायचं नाही, परत करायचं. उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये आठवडाभर राहिलेल्या मांसातल्या पट्टकृमीच्या गाठी मरतात. ट्रायकिनेलासाठी उणे १५ ला २० दिवस असा हिशेब आहे. त्यामुळे शंका असेल तर तीन आठवडे गोठवून ठेवा. घरच्या फ्रीझरचं दार सारखं उघडत असेल तर त्यावर फार विसंबू नका. आणि मांस कुठलं हे दुकानदाराला सांगताच येत नसेल, तर त्याचा चॉप करूच नका. त्याचं इंद्याल करा, चांगलं तासभर उकळा. घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा आजारी माणूस जेवायला असेल तर त्यांचा चॉपही ७१ पर्यंत न्या. मीठ नीट मुरलेला चॉप ७१ लाही खाण्यासारखा राहतो. ८० ला मात्र काही उरत नाही.

रंगावर भरवसा ठेवता येत नाही, तेही सांगते. मांसाला रंग देणारं मायोग्लोबिन कधी ६३ च्या वर जाऊनही गुलाबी राहतं, कधी त्याआधीच तपकिरी पडतं. बोटानं दाबून बघायची हातोटी रोज शंभर चॉप भाजणाऱ्या स्वयंपाक्याची असते. आपण महिन्यातून एकदा करणार. तेव्हा टोक खुपसायचा डिजिटल थर्मामीटर घ्या. या सगळ्या खटाटोपात पैसे खर्च करण्यासारखी ही एकच वस्तू आहे. घरी आणल्यावर तपासून घ्या. ठेचलेल्या बर्फात थोडं पाणी घालून बुडवला की शून्य दाखवायला हवा. उकळत्या पाण्यात मुंबईला १००, पुण्याला ९८ च्या आसपास, कारण पुणं उंचावर आहे.

आता खरेदी. आपल्याकडे चॉप बहुतेक वेळा जेमतेम एक सेंटिमीटर जाडीचे कापून ठेवलेले असतात. ते ओव्हनमध्ये घालूच नयेत. बाहेरून रंग येईपर्यंत आत सगळा निकाल लागलेला असतो. असे पातळ चॉप कडक तापलेल्या तव्यावर, दोन्ही बाजू मिळून तीनेक मिनिटांत उरकायचे. ओव्हनसाठी जाडी हवी सव्वा ते दीड इंच, म्हणजे तीन ते चार सेंटिमीटर. आधी फोन करून दुकानदाराला सांगितलं तर अख्ख्या तुकड्यातून तेवढे जाड कापून देतात. हाड असू द्या. हाडाजवळचं मांस सावकाश शिजतं, त्यामुळे थोडी सवड मिळते, आणि ते चोखून खाण्यातली मजा वेगळी.

तुकडा कुठला आहे हेही ओळखता यायला हवं. पाठीच्या चॉपमध्ये फिक्या गुलाबी मांसाचा एकच मोठा गोळा दिसतो, एका कडेनं चरबीची पट्टी, आणि बाजूला फासळीचं किंवा इंग्रजी टी अक्षरासारखं हाड. खांद्याच्या चॉपमध्ये तीन-चार वेगवेगळे स्नायू, त्यांच्यामध्ये चरबीच्या रेघा आणि रंग गडद. दोन्ही ‘चॉप’ म्हणूनच विकले जातात, पण त्यांचा स्वयंपाक वेगळा. खांद्याचा असेल तर वर सांगितलेलं ६३ चं सगळं गणित बाजूला ठेवा. झाकणाच्या भांड्यात कांदा-टोमॅटो आणि थोडं पाणी घालून १५० अंशांवर दीड-दोन तास ठेवा, सुरी लोण्यात शिरावी तशी शिरेपर्यंत. तिथे आपली मटणाची समज अगदी बरोबर लागू पडते.

हल्लीचे पाठीचे चॉप पूर्वीपेक्षा अधिक रुक्ष असतात, यालाही कारण आहे. चरबीला लोक घाबरायला लागले तशी परदेशात डुकरं मुद्दाम कमी चरबीची पैदा केली गेली. अमेरिकेत १९८७ पासून पोर्कची जाहिरातच ‘दुसरं पांढरं मांस’ अशी व्हायला लागली, म्हणजे कोंबडीसारखं. आपल्याकडच्या फार्मवरही विलायती पांढऱ्या जातींचे संकर पुष्कळ आहेत. चरबी गेली तसं चुकीला पांघरूण घालणारं काही उरलं नाही. जुन्या पाककृतींतल्या वेळा आजच्या चॉपला लावल्या तर त्या जास्तच होतात.

तयारीत सर्वांत जास्त फरक पाडतं ते मीठ, आणि ते किती आधी लावलं हे. मीठ लावलं की पहिल्यांदा काय होतं ते काकडीच्या कोशिंबिरीत आपण रोज बघतो, पाणी सुटतं. मांसाचंही पंधरा-वीस मिनिटांत असंच होतं, वरचा भाग ओलाकच्च दिसतो. पण तिथेच थांबू नका. तासाभरात ते खारट पाणी हळूहळू परत आत शिरतं. मीठ आतल्या मायोसिनचा थोडा भाग विरघळवतं, धागे सैल होऊन फुगतात आणि तापल्यावर पाणी पूर्वीइतकं सोडत नाहीत. म्हणजे मीठ चवीसाठी लागतंच, पण इथे ते पाणी धरून ठेवायलाही उपयोगी पडतं. प्रमाण मांसाच्या वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास. दोन चॉप मिळून अर्धा किलो भरत असतील तर साधारण सहा ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचा चहाचा एक सपाट चमचा. दोन्ही बाजूंना आणि कडेला चोळा, जाळीवर ठेवा, आणि न झाकता फ्रिजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात रात्रभर राहू द्या. खाली ताटली हवीच. एवढा वेळ नसेल तर निदान तासभर तरी. अर्ध्या तासावर काढलात तर पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत गेलेलं नसतं, तो सगळ्यांत वाईट मुहूर्त.

रात्रभर उघडं ठेवण्याचा दुसरा फायदा म्हणजे वरचा भाग कोरडा होतो. खमंग तपकिरी रंग यायला पृष्ठभाग १४० अंशांच्या पुढे जावा लागतो, आणि तिथे पाणी असेपर्यंत तो १०० च्या वर सरकत नाही. ओला चॉप आधी वाफवतो आणि मग भाजतो, तोवर आतलं मांस संपलेलं असतं. आपल्याकडे मांस आणलं की हळद-मीठ लावून दोनतीन पाण्यांनी धुण्याची पद्धत आहे. चॉप धुण्याची गरज नसते. मनाला बरं वाटत नसेल तर धुवा, पण मग स्वच्छ कापडानं अगदी कोरडा टिपून घ्या. गोठवलेल्या पाकिटावर मिठाचं पाणी घातल्याचं लिहिलं असेल तर वरून वेगळं मीठ लावू नका, नाहीतर खारट होतं.

व्हिनेगर आणि पपई यांबद्दल मला थोडं सविस्तर बोलायचं आहे, कारण आपला पहिला हात तिकडेच जातो. विंदालू हे नावच पोर्तुगीजांच्या वाइन-लसणाच्या मुरवणीवरून आलं. तिथे आंबटपणा चरबीचा जडपणा कापतो आणि नंतरच्या लांब शिजण्यात मांस मऊ होतं. चॉपवर आंबट रात्रभर राहिलं तर वरचं मांस लिंबात घातलेल्या कोळंबीसारखं पांढरं पडतं, आणि सौम्य आंबटपणानं मांसाची पाणी धरण्याची ताकद उलट कमी होते. कच्च्या पपईतलं पपेन प्रथिनं तोडतं हे खरं. जून बोकडाच्या मटणाला ती लावावी. पण ती आत फारशी शिरत नाही. चॉपचा वरचा थर पिठूळ होतो आणि आतला होता तसाच राहतो. दही त्यातल्या त्यात सौम्य, तरी त्यानं पृष्ठभाग ओला राहतो आणि रंग येत नाही. आंबट हवं असेल तर ते शेवटी, पानात वाढताना.

कडेच्या चरबीच्या पट्टीला दर दोन-तीन सेंटिमीटरवर सुरीनं चिरा द्या, चरबीखालचा पातळ पडदा कापला जाईल इतक्याच खोल. तो पडदा मांसापेक्षा लवकर आणि जास्त आखडतो, म्हणून चॉप वाटीसारखा वळतो.

ओव्हनच्या बटणावर लिहिलेलं तापमान हा अंदाज समजा. छोट्या ओटीजीत सळ्या जवळ असतात आणि आत-बाहेर २० अंशांचा फरक सहज पडतो. आत ठेवायचा साधा काट्याचा थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो, तो एकदा ठेवून बघा. आणि पंधरा मिनिटं आधी तापवा.

मी आता जे करते ते असं. ओव्हन १३० अंशांवर, वरच्या-खालच्या दोन्ही सळ्या चालू. चॉप जाळीवर, खाली ट्रे, मधल्या कप्प्यात, सगळीकडून गरम हवा लागेल असे. एवढ्या कमी तापमानाचं कारण म्हणजे उष्णता बाहेरून आत सावकाश जाते आणि सगळा चॉप साधारण एकसारखा शिजतो. २२० अंशांवर ठेवला तर मध्ये ६३ होईपर्यंत बाहेरचा थर ८० वर गेलेला असतो. तीन सेंटिमीटरच्या चॉपला अर्धा ते पाऊण तास लागतो, पण विसाव्या मिनिटापासून मोजायला लागा. थर्मामीटर वरून नाही, बाजूनं, आडवा, मांसाच्या मध्यापर्यंत खुपसायचा. हाडाला टेकवायचा नाही. ५६-५७ दिसले की बाहेर.

आतापर्यंत चॉप दिसायला फिकट, उकडल्यासारखा असतो. त्याला बघून मन खट्टू होऊ देऊ नका. गॅसवर बिडाचा तवा धूर निघेपर्यंत तापवा, चमचाभर तेल घाला आणि प्रत्येक बाजू एकेक मिनिट. आधी चिमट्यानं उभा धरून चरबीची कड तव्यावर टेकवा. चरबी सुटून तव्यात येते, कड कुरकुरीत होते, आणि त्याच चरबीत बाकीचा चॉप परततो. तव्यावरून उतरवून पुन्हा मोजा. ६० च्या पुढे असेल तर काम झालं, कारण बाहेरची उष्णता आत सरकत राहते आणि ताटात ठेवल्यावर तापमान आणखी तीन-चार अंश चढतं. थर्मामीटरवर ६३ दिसले की तिथून तीन मिनिटं मोजा, त्याआधी सुरी लावू नका. ६३ पर्यंत चढलंच नाही तर अर्धा मिनिट परत तव्यावर.

आधी तव्यावर लाल करून मग ओव्हनमध्ये सारण्याची पद्धतही चालते. त्यात ओव्हन २०० अंशांवर, आणि आठव्या मिनिटापासून डोळ्यांत तेल घालून मोजत राहायचं. पण त्यामागे जे कारण सांगितलं जातं, की वरचा थर भाजून ‘रस आत कोंडला जातो’, ते खरं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाच्या नावावर ही कल्पना जगभर पसरली. तव्यावर चॉप टाकल्यावर जो चर्र आवाज येत राहतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो. वरचा थर भाजायचा तो चवीसाठी.

मसाला कधी? आमच्या वसईकडे बॉटल मसाला असतो, कुटलेला कोरडा मसाला, पूर्वी बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरून ठेवायचे, म्हणून ते नाव. तो आधी चोळला तर कडक तव्यावर जळतो आणि कडू होतो. मी चमचाभर लोण्यात अर्धा चमचा मसाला आणि ठेचलेली लसणाची पाकळी मंद आचेवर एकदा फुलवून घेते आणि उतरवलेल्या चॉपवर ओतते. पाच मिनिटं तसाच ठेवते. ताटलीत जो रस सुटतो त्यात थोडं माडाचं व्हिनेगर घालून तो परत वरून घालते. म्हणजे इंद्यालची आंबट-तिखट चव येते आणि मांसाला त्रास होत नाही. गोव्याकडचा रेशाद मसाला असेल तर तोही असाच, वेगळा परतून, शेवटी.

उरलेला चॉप गरम करायचा मोह आवरा. मायक्रोवेव्हमध्ये तो पुन्हा ७५ च्या पुढे जातो आणि आदल्या दिवशीची सगळी मेहनत वाया. थंडच, धाग्यांना आडवा, जितका पातळ कापता येईल तितका कापायचा आणि पावात घालायचा. सोबत काकडी आणि थोडं लोणचं. हाडं फेकू नका. वालाच्या भाजीत किंवा साध्या डाळीत टाकून अर्धा तास उकळली की त्यांना चिकटलेलं मांस अलगद सुटून येतं.